‘आमचं आम्ही बघून घेऊ’ : वाळीत टाकण्याविषयीचे गैरसमज

घर वाळीत पडलं की त्याच्या दाराला कोणी कुलूप लावत नाही. लेखी हुकूम निघतोच असंही नाही. कोकणातल्या वाडीत शिमग्याची पालखी घरोघर फिरते आणि ते एक अंगण टाळून पुढे जाते. गिरणीवाला दळण ठेवून घेत नाही. दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो. मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन गेलं, तर समोरचा माणूस उंबऱ्याच्या आतूनच हात जोडतो. घरात मयत झालं तर खांदा द्यायला चार माणसं जमत नाहीत. जो बोलेल त्यालाही दंड, म्हणून सख्खा भाऊही बोलत नाही.

महाराष्ट्रात हा गुन्हा आहे. त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि तो 3 जुलै 2017 पासून लागू आहे. तरीही या प्रकाराभोवती इतके गैरसमज साचले आहेत की ज्याच्यावर अन्याय होतो तोही स्वतःला दोषी मानतो आणि पंचांपुढे माफी मागायला उभा राहतो.

‘हे भटक्या, अडाणी समाजांतच चालतं’

शहरातल्या सुशिक्षित माणसाला ही समजूत सोयीची वाटते. महाराष्ट्राचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, ओढवलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. दोघेही त्या काळातले सर्वांत शिकलेले लोक होते आणि त्यांना जाब विचारणारेही शिकलेलेच होते.

धोंडो केशव कर्वे यांचं उदाहरण आणखी जवळून पाहावं असं आहे. 1893 साली त्यांनी गोदूबाई या तरुण विधवेशी लग्न केलं. त्यानंतर ते मुरूडला आपल्या गावी गेले, तेव्हा गावाने बैठक घेऊन ठरवलं की कर्व्यांशी कोणी संबंध ठेवायचा नाही, ते ज्या सभेत असतील तिथे कोणी बसायचं नाही आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. शेवटची अट नीट वाचावी. कर्वे पुण्यात राहत होते, त्यांना गावाची शिक्षा फारशी पोहोचली नसती. म्हणून गावाने शिक्षा आईच्या दारात नेऊन ठेवली. आजही वाळीत टाकण्याची रीत हीच आहे. बंडखोराला गाठता आलं नाही तर त्याच्या म्हाताऱ्या आईबापांना गाठायचं.

रायगड-रत्नागिरीकडच्या गावकीतून आलेल्या तक्रारी पाहिल्या तर कारणं साधी दिसतात : ग्रामपंचायत निवडणुकीत गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला, देवळाच्या हिशोबाबद्दल विचारलं, जमिनीचा वाद कोर्टात नेला. यात परंपरा कुठे आहे? सत्तेला प्रश्न विचारला, एवढंच घडलेलं असतं. परंपरेचं नाव नंतर चिकटवलं जातं.

‘पंचांचा न्याय झटपट आणि दोघांनाही मान्य असतो’

या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारून पुढे जाता येत नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, झडती, तारेच्या कुंपणातल्या वसाहती असं जगणं त्यांच्या वाट्याला आलं. हा कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडलं. पोलीस ठाण्याची पायरी चढणं म्हणजे स्वतःहून मार खायला जाणं, हा ज्यांचा तीन पिढ्यांचा अनुभव, त्यांनी आपला न्याय आपल्या पंचांकडे मागितला तर त्यांना हसण्याचा अधिकार कोणाला नाही.

पण त्या न्यायाची पद्धतही पाहायला हवी. अनेक जातपंचायतींत सुनावणीआधी दोन्ही बाजूंकडून पैसे ठेवून घेतले जातात. बाई स्वतःची बाजू मांडू शकत नाही, तिच्या वतीने घरातला पुरुष बोलतो. पंचपद बापाकडून मुलाकडे जातं. निकालाची नोंद नसते, अपील नसतं आणि दंडाच्या पैशांचा हिशोब मागणं हा नवा गुन्हा ठरतो. निकाल अमान्य केला तर जातीबाहेर. म्हणजे ‘दोघांनाही मान्य’ याचा अर्थ इतकाच, की नाही म्हणण्याची किंमत कोणाला परवडत नाही.

ही किंमत काय असू शकते हे 2013 साली नाशिकमध्ये दिसलं. जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीची बापानेच हत्या केली आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव पुढे आला. त्यातून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. मोहीम थांबली नाही. काही जातपंचायतींनी कार्यकर्त्यांशी बोलणी करून स्वतःहून बरखास्त होण्याचा निर्णय घेतला. रीत बदलत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

‘पांढऱ्या चादरीवरून मुलगी कशी आहे ते कळतं’

काहीही कळत नाही. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीची ‘परीक्षा’ घेण्याची प्रथा होती. खोलीत पांढरं कापड, बाहेर पंच आणि नातेवाईक आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर नवऱ्याला प्रश्न. या परीक्षेला शरीरशास्त्राचा कसलाही आधार नाही. योनिपटलाची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते. ते लवचीक असतं. पहिल्या संबंधाच्या वेळी अनेकींना रक्तस्राव होतच नाही. कोणत्याही तपासणीने बाईचे आधी संबंध आले होते का हे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांबरोबर ऑक्टोबर 2018 मध्ये निवेदन काढून या चाचण्यांना शास्त्रीय पाया नाही असं स्पष्ट केलं आणि त्या बंद करण्याची मागणी केली. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या प्रकरणांतल्या ‘टू फिंगर टेस्ट’बाबतही हीच भूमिका पुन्हा मांडली.

मला यात सर्वांत मोठी वाटते ती पुढची गोष्ट. या प्रथेविरुद्ध 2017 च्या अखेरीस उघडपणे उभे राहिले ते याच समाजातले तरुण-तरुणी. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला, ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ असं नाव दिलं आणि आपल्या घरातल्या लग्नांबद्दल जाहीर बोलायला सुरुवात केली. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीतल्या एका लग्नात त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. काही घरांना बहिष्कार सोसावा लागला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल, असं जाहीर केलं. ‘बाहेरचे लोक आमच्या समाजाला बदनाम करतात’ असं पंच म्हणत राहिले, पण बोलणाऱ्या मुली त्यांच्याच नात्यातल्या होत्या.

‘बहिष्कारासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच’

तो आहे आणि गरजेचाही आहे. महाडच्या 1927 च्या सत्याग्रहानंतर दलितांवर जागोजाग बहिष्कार पडले. पुढे मुंबई सरकारच्या स्टार्टे समितीने, जिचे डॉ. आंबेडकर सदस्य होते, 1930 च्या अहवालात हे हत्यार गरिबाची रोजीरोटी कशी तोडतं ते नोंदवलं. आज सवर्णांनी अनुसूचित जाती-जमातींवर घातलेला बहिष्कार अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात येतो. पण एकाच जातीतल्या पंचांनी आपल्याच जातीतलं घर वाळीत टाकलं तर तो कायदा लागू होत नाही. वर्षानुवर्षं पोलीस ठाण्यातून माणसं परत पाठवली गेली ती याच फटीमुळे. 2016 साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला, तो ही फट बुजवण्यासाठी.

‘धर्माच्या बाबतीत कायदा हात घालू शकत नाही’

या बाबतीत न्यायालयातलं चित्र अजून पूर्ण झालेलं नाही. मुंबई राज्याने 1949 सालीच बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. तेव्हाचे सरन्यायाधीश सिन्हा यांचं मत वेगळं होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवलं. मला स्वतःला सिन्हा यांची बाजू पटते. बहिष्कृत माणसाचं दफन कुठे व्हावं यावर जो हुकूम चालवतो, तो माणसाच्या श्रद्धेपलीकडच्या हक्कांवर हात टाकत असतो.

‘आता जातीची बैठकही घेता येणार नाही’

घेता येते. वधू-वर मेळावे, शिष्यवृत्त्या, समाजमंदिर यांतलं काहीही 2016 च्या कायद्याने बंद केलेलं नाही. गुन्हा आहे तो बहिष्कार घालण्याचा आणि त्याला मदत किंवा चिथावणी देण्याचा. लग्न, अंत्यविधी वा धार्मिक कार्यापासून रोखणं, व्यवहार तोडणं, शाळा, दवाखाना, स्मशान, रस्ता वापरू न देणं, विशिष्ट कपड्यांची सक्ती करणं, समाजातून काढून टाकणं हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा परिपूर्ण नाही. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे पंच दोन दिवसांत गावात परततात. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोड होऊ शकते. ज्या घराला कोणी पाणी देत नाही त्याच्याकडून संमती मिळवणं किती सोपं असेल याचा विचार कायदा करणाऱ्यांनी अधिक करायला हवा होता.

तरीही तक्रार करावी. पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातलं कोणीही पोलिसांकडे जाऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आहे. ‘गावचा किरकोळ वाद’ म्हणून ठाण्यात अदखलपात्र नोंद होत असेल तर त्याला हरकत घ्यावी. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. अर्जात ‘समाजाने वाळीत टाकलं’ एवढंच लिहून भागत नाही. बैठक कधी, कुठे झाली, कोण बसले होते, कोण काय बोललं, त्यानंतर कोणत्या दुकानदाराने काय नाकारलं, हे नावांसह लिहावं. दंड भरल्याची पावती, गावच्या ग्रुपवरचा संदेश, आमंत्रणपत्रिकेतून गाळलेलं नाव, माफीनाम्याचा कागद, यांतलं काहीही फेकून देऊ नये. पंच सहसा तोंडी बोलतात, पण दंड वसूल करताना वहीत नोंद करतात. ती वही पोलिसांनी ताब्यात घ्यावी, अशी मागणी पहिल्याच अर्जात करावी.