बोटाच्या हाडातील साधी गाठ आणि हाडाचे रोपण

जड पिशवीचा हिसका बसला, बोट सुजले आणि एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड मोडले आहे, पण आत गाठही दिसते." गाठ म्हटले की घरच्यांच्या मनात आधी कॅन्सर येतो. बोटांच्या हाडांतील गाठी मात्र बहुतेक वेळा साध्या असतात.

ही गाठ कोणती?
हाताच्या हाडांत सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे एनकॉन्ड्रोमा. ती कूर्चेची असते. हाडाच्या आत हळूहळू वाढून ती बाहेरची भिंत पातळ करते. म्हणून आधी काहीच दुखत नाही आणि किरकोळ धक्क्याने हाड मोडते.

ऑपरेशन लगेच लागते का?
नेहमीच नाही. लहान, न दुखणाऱ्या गाठीवर अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवतात. हाड मोडले असल्यास पुष्कळदा ते आधी जुळू देतात, साधारण ४ ते ८ आठवडे, आणि मग गाठ काढतात. या काळात बोट ओढून किंवा चोळून घेऊ नका.

रोपण कशासाठी?
हाडाला छोटी खिडकी पाडून गाठ खरवडून काढतात. मागे पोकळी उरते. ती भरायला तुमच्याच मनगटाजवळच्या किंवा कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे घेतात. कधी बोन बँकेतील किंवा कृत्रिम हाड वापरतात. हे हाड इमारतीच्या परांचीसारखे काम करते. त्याच्या आधाराने तुमच्या पेशी काही महिन्यांत नवे हाड तयार करतात. स्वतःचे हाड चांगले रुजते, पण जिथून घेतले तिथे काही दिवस दुखते. लहान पोकळी रोपणाशिवायही भरून येऊ शकते. म्हणून "मला रोपण का हवे?" हे जरूर विचारा.

ऑपरेशननंतर
काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे; निदान त्यावरच पक्के होते. रिपोर्ट जपून ठेवा. बोट आखडू नये म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा व्यायाम सुरू करा. गाठ क्वचित परत येते, त्यामुळे ठरलेले एक्स-रे चुकवू नका.

कधी थांबू नये?
हाड मोडलेले नसताना दुखणे, गाठ झपाट्याने वाढणे किंवा अनेक हाडांत गाठी असणे, यांपैकी काहीही असल्यास लवकर दाखवा. ऑपरेशननंतर ताप, पू किंवा बोट निळे पडणे दिसल्यास त्याच दिवशी जा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स येथे अस्थिरोग विभाग आहेत. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या.