विश्लेषण : टीमचे काम कोणत्या अ‍ॅपवर?

छोट्या टीमचे काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कसेबसे चालते. कोणाला काय सांगितले होते, हे शोधायला शेकडो मेसेज मागे जावे लागले की सॉफ्टवेअरची चर्चा सुरू होते. ट्रेलो घ्यावे की जिरा?

फरक काय?

ट्रेलोची मांडणी टोयोटाच्या कारखान्यांत रुजलेल्या ‘कानबान’ पद्धतीची. प्रत्येक कामाचे एक कार्ड. ते ‘करायचे’, ‘सुरू’, ‘झाले’ अशा रकान्यांतून सरकते. छोट्या टीमला एवढे पुरते. जिरा २००२ मध्ये आले ते सॉफ्टवेअरमधील चुकांची नोंद ठेवण्यासाठी. प्रोग्रामरना ते सोयीचे. हिशेब किंवा जाहिरात विभागाला मात्र डोईजड होऊ शकते.

खर्चाचे काय?

सुरुवातीला फुकट, पुढे बहुतेक ठिकाणी माणशी दरमहा आकारणी. टीम वाढली की बिल वाढते. नियमही कंपनीच्या हातात. जिरा आणि ट्रेलो या दोन्हींची मालक असलेल्या अ‍ॅटलासियनने ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिराच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीची सेवा १५ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद केली. जिरावरच राहायचे तर क्लाउडवर जा, नाहीतर मोठ्या कंपन्यांसाठीची ‘डेटा सेंटर’ आवृत्ती घ्या, एवढेच पर्याय तेव्हा उरले. म्हणून सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उघडतील अशा फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच दिवशी करून पाहावे.

चाचणी कशी घ्यावी?

नुसता डेमो पाहून काही कळत नाही. एक खरे काम दोन आठवडे त्यावर चालवावे. दुसऱ्या आठवड्यात कार्डे एकटा टीम लीडरच सरकवत असेल, तर बाकीचे अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच आहेत.