आडात आहे, पण पोहऱ्यात नाही!

सकाळी सातचं लेक्चर, रिकामा हायवे आणि बाइक अचानक आचके देऊन बंद! कार्बोरेटरवाली जुनी बाइक असेल, तर हात आपोआप टाकीखालच्या पेट्रोल कॉककडे जातो. 'रिझर्व्ह'ला लावा, किक मारा, चला पुढे.

आता हाच सीन दोन हजार फुटांवर इमॅजिन करा. इथे बाजूला घ्यायला रस्ता नाही. आणि गंमत म्हणजे, टाकीत पेट्रोल असूनही हे होऊ शकतं.

सेसना 172 हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं विमान. त्याच्या टाक्या वरच्या पंखांत असतात. कार्बोरेटरवाल्या मॉडेल्समध्ये इंधन पंपाशिवाय, स्वतःच्या वजनाने खाली येतं. टाकी, सिलेक्टर, गाळणी, कार्बोरेटर असा सरळ रस्ता. मेकॅनिक दोष शोधतो तोही याच क्रमाने.

सुरुवात टाकीपासून. इंधन खाली गेलं की त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. त्यासाठी व्हेंटची बारीक नळी असते. तिच्यात एखाद्या किड्याने मातीचं घर केलं, तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि प्रवाह मंदावतो. पाण्याच्या बाटलीला तोंड लावून हवा आत न सोडता ओढत राहा, लगेच कळेल! झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला, तर संशय व्हेंटवर.

मग पाणी. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. उड्डाणाआधी पायलट टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढतो. 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. खाली रंगहीन थेंब दिसला, की ते पाणी. पण कपात नुसतंच पाणी आलं तर थर दिसणार कसा? म्हणून रंगही बघायचा.

सगळं ठीक दिसतंय, तरी इंजिन खोकतंय? मग मेकॅनिक कार्बोरेटरजवळची नळी सोडवून ठरावीक वेळात किती इंधन पडतं ते मोजतो. अमेरिकेत हलक्या विमानांसाठी अनेक वर्षं वापरात असलेला निकष असा: टेकऑफला इंजिन जेवढं पितं, त्याच्या 150 टक्के प्रवाह हवा, पंप असेल तर 125 टक्के. भांड्यात कमी पडलं, तर गाळणी, नळी, सिलेक्टर एकेक करून तपासायचं. भरपूर पडलं, तर दोष पुढे, कार्बोरेटरमध्ये. अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही.

सिलेक्टर म्हणजे आपला पेट्रोल कॉकच. डावी टाकी, उजवी टाकी की बंद, हे तो ठरवतो. एवढ्याशा खटक्याने काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे जॉन डेन्व्हर. हो, 'कंट्री रोड्स'वाला.

12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरेहून तो लाँग-ईझेड या घरगुती बांधणीच्या विमानातून एकटाच निघाला. हे विमान त्याने नुकतंच घेतलं होतं. बांधणाऱ्याने सिलेक्टर मूळ डिझाइनप्रमाणे समोर न ठेवता पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. हात पोचत नाही, हे उड्डाणाआधीच लक्षात आलं होतं. पकड लावून बघितली, जमलं नाही. इंधन भरू का, असं विचारल्यावर तो नको म्हणाला. विमान समुद्रात कोसळलं आणि 53 वर्षांचा डेन्व्हर गेला. चौकशीचा निष्कर्ष: सिलेक्टर फिरवण्याच्या धडपडीत उजवा रडर नकळत दाबला गेला आणि विमान हाताबाहेर गेलं. इंधन न भरणं हेही कारण नोंदवलं गेलं.

म्हणूनच हवेत इंजिन बंद पडलं, तर पायलटला पहिला धडा असतो तो विमान उडवत राहण्याचा. नाक थोडं खाली, ग्लाइडचा वेग, उतरायची जागा. मग सिलेक्टर, पंप असेल तर पंप, मिक्श्चर. दुरुस्ती दुसऱ्या नंबरवर.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' असं आपल्याकडे म्हणतात. विमानात आडात असूनही पोहरा रिकामा येऊ शकतो. दोर कुठे अडकलाय, हे जमिनीवर असतानाच बघितलेलं बरं. तिथे फार तर लेक्चर बुडतं!