सापाच्या डोळ्यावरची कात: चिमटा आधी खाली ठेवा

बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पहिल्यांदाच पाळणाऱ्याच्या घरी एक प्रसंग हमखास येतो. कालपर्यंत काळेभोर, चकचकीत असलेले डोळे अचानक निळसर, दुधाळ होतात. अंगाचा रंग मळकट पडतो, साप खाणं सोडतो आणि लपून बसतो. मोतीबिंदू झाला, असं समजून माणूस हबकतो. पण दोन्ही डोळे एकाच वेळी असे झाले असतील तर तो बहुधा आजार नसतोच. साप कात टाकायच्या तयारीला लागलेला असतो.

सापाला पापण्या नसतात. प्रत्येक डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो. तो कातडीचाच भाग असल्यामुळे कातीबरोबर तोही निघतो. जुनी कातडी आणि तिच्याखाली तयार झालेली नवी, या दोहोंमध्ये द्रव साठला की डोळा धुरकट दिसतो. पुढे काही दिवसांनी तो आपोआप निवळतो आणि ‘कात न टाकताच बरा झाला’ असं वाटून पुष्कळ जण फसतात. कात पडते ती डोळे निवळल्यानंतर, साधारण चार ते सात दिवसांनी. या काळात साप आंधळा नसतो, पण त्याला अंधूक दिसतं. म्हणून तो बिचकतो आणि हात घातला तर चावूही शकतो. तेवढे दिवस त्याला एकटं सोडावं. खाल्लं नाही तरी जबरदस्ती करू नये.

पडलेली कात लगेच टाकून देऊ नका. डोक्याकडचा भाग उजेडात धरून पाहा. सगळं नीट पार पडलं असेल तर डोळ्यांच्या जागी घड्याळाच्या काचेसारख्या दोन गोल, स्वच्छ चकत्या दिसतात. तिथे भोक असेल तर जुना खवला सापाच्या डोळ्यावरच राहिला असण्याची शक्यता आहे. असा डोळा निस्तेज, सुरकुतलेला दिसतो. मात्र डोळा खोलगट दिसला म्हणजे खवला अडकलाच, हेही खरं नाही. शरीरात पाणी कमी पडलं तरी डोळ्यावर खळगा पडतो. चकत्या कातीत असतील, तर डोळ्यावरून काढण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

सर्वांत घातक गैरसमज इथेच आहे: अडकलेला खवला चिमट्याने किंवा चिकटपट्टीने ओढून काढायचा. जुन्या खवल्याला लगटूनच नवा खवला असतो. ओढताना तो फाटला तर बुबुळ उघडं पडतं, आणि मिटायला पापणी नसल्यामुळे ते सुकत जातं. अशाने सापाचा डोळा कायमचा जातो. न अडकलेला खवला ओढला गेला, तर धडधाकट डोळ्याचीच वाट लागते. त्या मानाने एखादा खवला पुढच्या कातीपर्यंत तसाच राहिला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. दमटपणा सुधारला की पुढच्या खेपेला तो कातीबरोबर निघून जातो.

कात तुकड्यातुकड्यांनी निघते याचं मूळ बहुतेकदा कोरड्या हवेत असतं. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथेही कोरडे महिने असतातच, पण तो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. एसीच्या खोलीत, किंवा परदेशात हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात, त्याला ती मिळत नाही. पाण्याचं भांडं ठेवलं म्हणजे झालं, असं नाही. पेटीतला दमटपणा मोजायला साधं मीटर लावा. बॉल पायथनला एरवी साठ टक्क्यांच्या आसपास आणि कात यायच्या वेळी सत्तरच्या जवळ दमटपणा लागतो. ओलसर शेवाळ घातलेला, एका बाजूने आत शिरता येईल असा डबा ठेवला की अर्धं काम होतं. अंग घासायला खरबरीत लाकूडही हवं. शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहिलं तर ते आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडतं, म्हणून टोक दर खेपेला तपासा. खोबरेल तेल चोळण्याची शिफारस केली जाते, पण हवेचा कोरडेपणा तेलाने जात नाही. उलट पेटीतला भुसा अंगाला चिकटतो.

दमटपणा योग्य असूनही दर वेळी अडचण येत असेल, तर डोळ्याच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके आहेत का ते बघा. ते गोचीडवर्गीय किडे असू शकतात आणि ते डोळ्याच्या खोबणीत दडतात.

माणसांचे डोळ्यांचे थेंब घातल्यानेही उपयोग होत नाही. वरचा खवला औषध आत जाऊ देत नाही. सापाचे अश्रू त्या खवल्याच्या आतल्या बाजूने वाहून एका नळीतून तोंडात उतरतात. ही नळी तुंबली, किंवा तोंडातला जंतुसंसर्ग तिच्यातून वर चढला, की खवल्याआड द्रव किंवा पू साठतो. एकच डोळा फुगला, पिवळट-पांढरा झाला आणि कात पडल्यावरही तसाच राहिला, तर तो कातीचा प्रश्न नाही. तिथे खवल्याला नेमका छेद देऊन निचरा करावा लागतो. ते काम सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांचंच.

भारतात नाग, धामण, अजगर असे इथले साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. असा साप डोळ्याने अधू दिसला तर घरी उपचार करू नका, वन विभागाला कळवा. आणि पाळलेला परदेशी साप डॉक्टरांकडे नेताना शेवटची कात पिशवीत घालून सोबत न्या. त्या चकत्या पाहून डॉक्टरांना निम्मं निदान तिथेच करता येतं.