दारचं जनावर (भाग ९) : भरताचा नैवेद्य आणि कुत्र्याचा घास

मार्गशीर्ष हा धाराशिवच्या कुत्र्यांचा चंगळीचा महिना. शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी येते. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी, कांदा, लसूण त्या दिवशी पुन्हा घरात येतात आणि खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. महिना सरता सरता वेळा अमावस्या, म्हणजे आपली येळवस. सगळं गाव शिवारात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबिलाचे बिंदगे आणि पातेलंभर भज्जी. दोन्ही सणांत कुत्र्याचा घास ठरलेला असतो. चंपाषष्ठीला तर तो मानाने घालतात, कारण कुत्रा हे खंडोबाचं जनावर. वर्षातले दहा महिने अणदूरला आणि दोन महिने नळदुर्गला वास्तव्य करणाऱ्या खंडोबाच्या या मुलखात हे कुणाला सांगायला नको. इथले वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून कोटंब्यात घास घेत आले.

गेल्या आठवड्यात आपण कुत्र्याचं रोजचं जेवण पाहिलं. आज खाऊ. जेवणाखेरीज लाडाने, सणाने किंवा काही शिकवताना बक्षीस म्हणून जे हातावरून दिलं जातं, ते सगळं यात आलं. हल्ली त्यावर ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारायची पद्धत पडली आहे. पाकिटावर हिरवं पान छापलं की माणूस निर्धास्त होतो. घरचं, शेतातलं, झाडावरचं असेल तर विचारायलाच नको. माझं म्हणणं असं, की आपल्या जिल्ह्यात कुत्र्याला खाऊतून होणारे बरेचसे मोठे अपाय याच घरच्या, शेतातल्या, झाडावरच्या वस्तूंनी होतात.

भरतापासूनच सुरुवात करू. वांग्याचं काही नाही, दोष कांदा-लसणाचा. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींवर हल्ला करतात, त्या पेशी फुटू लागतात आणि जनावराला पंडुरोग होतो. वजनाच्या दर किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. म्हणजे दहा किलोच्या गावठी कुत्र्याला दीडशे ग्रॅम, एक मोठा कांदा, पुरे होतो. तो एकाच दिवशी जायला हवा असंही नाही, थोडा थोडा रोज गेला तरी हिशेब साठत जातो. लसूण वजनाला वजन कांद्याहून जहाल. भाजून, उकडून, वाळवून किंवा चटणी करून हे विष जात नाही. फसवं म्हणजे त्रास लगेच दिसत नाही. कुत्रा खाऊन खुशीत असतो, तीन-चार दिवसांनी सुस्तावतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. तोवर सण संपलेला असतो आणि भरताची आठवण कुणालाच होत नाही. उपाय सोपा आहे. वांगं भाजून सोललं की कांदा-लसूण-मीठ पडायच्या आधी त्यातला एक गोळा बाजूला काढावा आणि बाजरीच्या रोडग्याच्या तुकड्यासोबत तोच घालावा. देवाला यात काही उणं पडत नाही.

येळवसेच्या भज्जीत कांद्याची पात आणि लसूण असतातच. शिवाय चिंच असते, आणि चिंचेची गोष्ट थोडी लांबून सांगावी लागेल.

द्राक्षं आणि मनुके खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातील डॉक्टरांच्या लक्षात आलं साधारण २००० सालच्या आसपास. कारण मात्र कळत नव्हतं. एक कुत्रा मूठभर द्राक्षं खाऊन ठणठणीत, दुसरा चार मनुक्यांत आजारी. बुरशी, कीटकनाशक, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. मग एका कुत्र्याने मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेला रंगीत गोळा खाल्ला आणि त्याला नेमका तोच आजार झाला. त्या गोळ्यात ‘क्रीम ऑफ टार्टार’ घातलेलं होतं, म्हणजे टार्टरिक आम्लाचा क्षार. धागा तिथे सापडला. द्राक्षातही हेच आम्ल असतं आणि जात, पिकण्याची अवस्था, हंगाम यांप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून परिणामही एकसारखा नाही. २०२१ मध्ये या केंद्राच्या डॉक्टरांनी हा अंदाज जाहीर केला आणि पुढच्या वर्षी त्याला जोड देणारा शोधनिबंध आला. त्यात द्राक्षं नव्हतीच. त्यात होती क्रीम ऑफ टार्टार खाल्लेली आणि चिंच खाल्लेली कुत्री.

द्राक्षात हे आम्ल शेकडा एकाच्या आसपास, तर चिंचेच्या गरात त्याच्या कितीतरी पट. फळांच्या दुनियेत टार्टरिक आम्लाचं एवढं भांडार दुसरं क्वचितच असेल. ज्या मुलखात बांधाबांधाला चिंच उभी आहे आणि शेजारच्या लातूरमधल्या पानचिंचोलीची चिंच नावाजलेली आहे, तिथल्या कुत्रा पाळणाऱ्याने हे वाचून ठेवायला हवं. याचा अर्थ आमटीचं बोट चाटलं म्हणून घाबरून जावं असा नाही. विष मात्रेवर ठरतं. पण चिंच फोडायच्या दिवसांत घरभर पसरलेला गर, चिंचेचे लाडू, चिंच-गुळाच्या गोळ्या या वस्तू कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नयेत. गूळ लागला की आंबट चिंचही त्याला गोड लागते. मांजराला गोड चव कळत नाही, कुत्र्याला उत्तम कळते. तुळजापूर तालुक्यात द्राक्षबागा असणाऱ्यांनी छाटून टाकलेले घड आणि गळलेले मणी बागेतल्या कुत्र्यापासून दूर ठेवावेत. मनुके तर सगळ्यात वाईट, कारण पाणी उडून गेल्याने थोड्याशा वजनात पुष्कळ द्राक्षं बसलेली असतात. शिऱ्यातले, प्रसादातले मनुके वेचून काढायचा कंटाळा येत असेल तर शिरा देऊच नये. किती द्राक्षं चालतील, असा सुरक्षित आकडा अजून कुणी दिलेला नाही.

आता मांसाहारी खाऊ. इथे आपला जिल्हा श्रीमंत आहे. काळीभोर, जुळी करडं देणारी, दुष्काळातही तग धरणारी शेळी ही आपली देशभरची ओळख. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी मात्र सरकारी दप्तरात उस्मानाबादीच राहिली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी बोकड कापला की आतड्या, फुप्फुसं, खराब निघालेली काळजं तिथेच घोटाळणाऱ्या कुत्र्यांसमोर पडतात. याहून नैसर्गिक खाऊ तो कोणता? आणि याहून घातक प्रथाही मला दुसरी दिसत नाही, कारण तिचा फटका माणसाला बसतो.

शेळ्यामेंढ्यांच्या काळजात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले पांढरे फुगे दिसतात. खाटीक ते ओळखतो आणि तो भाग कापून फेकतो. त्या फुग्यात एका पट्टकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याने ते कच्चं खाल्लं की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे जंत शेकड्यांनी वाढतात. कुत्र्याला काहीच होत नाही, तो धडधाकट दिसतो. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती गवतावर गेली की शेळीच्या पोटात आणि अंगाला चिकटून, हातावरून, न धुतलेल्या भाजीवरून माणसाच्या पोटात. माणसाच्या काळजात तोच फुगा वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो आणि सोनोग्राफीत दिसेतो लिंबाचा नारळ झालेला असतो. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात, अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. हे चक्र दोन ठिकाणी तुटतं : फेकायचे अवयव कुत्र्याला कच्चे मिळू न देणं, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला ठरावीक काळाने पट्टकृमीचं औषध देणं. साधं जंताचं प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालत नाही, हे विचारून घ्यावं.

चांगली कलेजी मात्र उकडली की कुत्र्यासाठी तिच्या तोडीचा खाऊ नाही. वास असा की अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून कुत्रा धावत येतो. त्यामुळे शिकवण्यासाठी उत्तम. बिनमिठाच्या पाण्यात आतला लालपणा जाईपर्यंत उकडावी आणि नखाएवढे तुकडे करावेत. पंधरा किलोच्या कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीनदा वीस-पंचवीस ग्रॅम पुरे. रोज भरपूर दिली तर अ जीवनसत्त्वाचा साठा होऊन हाडं-सांधे दुखू लागतात.

टिकाऊ खाऊ हवा असेल तर मराठवाड्याला चान्या शिकवायला नकोत. मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवण्याची ही रीत दलित घरांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली. याच जिल्ह्याचे लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. शहरातल्या दुकानात आज ‘जर्की’ म्हणून सोनेरी पाकिटात जे मिळतं, ते जवळपास हेच. कुत्र्यासाठी करताना एक बदल करावा : चरबी काढलेल्या मटणाच्या किंवा कोंबडीच्या पातळ पट्ट्या आधी पूर्ण शिजवाव्यात आणि मग वाळवाव्यात. आपलं चैत्र-वैशाखाचं ऊन कितीही रखरखीत असलं तरी त्याने मांसातले जंतू मरत नाहीत, नुसते दबून बसतात. मीठ, हळद, तिखट काही नको. वरून मलमल टाकावी, कडकडीत वाळल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात आणि फ्रीज असेल तर तिथेच ठेवाव्यात. पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसला तर अख्खा डबा टाकून द्यावा.

विकतच्या जर्कीबद्दल एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा खाऊनंतर कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. २०१५ अखेर त्यांची संख्या ५,२०० च्या घरात गेली आणि अकराशेहून अधिक कुत्री दगावल्याची नोंद झाली. बहुतेक माल चीनमधून आलेला होता. एवढ्या तपासण्या होऊनही नेमकं कारण हाती लागलं नाही. नुसतं वाळलेलं मांस, त्याहून नैसर्गिक ते काय! पाकीट घेतलंच तर घटकांची यादी वाचावी आणि ‘झायलिटॉल’ हे नाव दिसलं तर परत ठेवावं. ही बिनसाखरेची गोडी काही पीनट बटरमध्ये आणि च्युइंगगममध्ये असते. माणसाला ती निरुपद्रवी, कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र तासाभरात कोसळवते.

हाडांबद्दल थोडक्यात : रश्श्यात शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या सुया होतात, ते नकोच. आपल्या आवडीची नळी तर कुत्र्याच्या खालच्या जबड्यात बांगडीसारखी अडकते.

मग द्यायचं काय? यादी साधी आहे आणि बहुतेक माळव्यातच सापडते. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, बिया काढलेली पपई, कलिंगडाचा गर, पेरूची फोड. उकडलेलं अंडं. बिनमिठाचं दही. ज्वारीचं आंबीलसुद्धा चालतं, लसूण आणि मीठ पडण्याआधी काढून घेतलेलं. भाकरीचा वाळका तुकडा चावायला छान. धान्य कुत्र्याला परकं आहे असं सांगणारे भेटतात, त्यांना स्वीडनच्या उप्पसाला विद्यापीठातल्या संशोधकांचं २०१३ चं काम दाखवावं. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून त्याने तेवढं कमावलं. भुईमुगाचे दाणे भाजून थोडे द्यावेत, पण ओल धरलेले, काळपट दाणे ‘कुत्र्याला चालतील’ म्हणून बाजूला ठेवू नयेत. त्यातलं बुरशीचं विष यकृत खलास करतं. सीताफळाच्या बिया, बोराची आठळी, आंब्याची कोय ही आतड्यात अडकणारी मंडळी.

भूम तालुक्यातल्या वाचकांचा रोष पत्करून खव्याविषयी लिहितो. कुंथलगिरीचा पेढा माणसासाठी आहे. मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नाही, आणि खव्यात ती आटून घट्ट झालेली असते. वर तूपसाखर. जुलाब हा कमी त्रास, स्वादुपिंड सुजलं तर जिवावर बेतू शकतं.

मात्रेचा नियम पशुवैद्य एका वाक्यात सांगतात : दिवसाच्या एकूण उष्मांकातला दहावा हिस्सा, त्यापुढे खाऊ नाही. पंधरा किलोच्या, घरापुढे बसून राखण करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतात. म्हणजे खाऊसाठी पंच्याऐंशी. एक उकडलेलं अंडं सत्तर, चार ग्लुकोज बिस्किटं ऐंशी, वीस ग्रॅमचा एक पेढा तेवढाच. उलट गाजर पाव किलोच्या आसपास जातं. कुत्र्याला तुकडा मोठा की छोटा याचं फारसं पडलेलं नसतं, तो मिळाला हे महत्त्वाचं. एका अंड्याचे वीस तुकडे करून वीसदा शाबासकी देता येते.

कुत्र्याने मनुके, द्राक्षं किंवा चिंचेचा गर खाल्लाच तर वाट पाहत बसू नये. उलटी बहुधा पहिल्या दिवसात होते, लघवी कमी होते ती एक ते तीन दिवसांनी, आणि तेव्हा मूत्रपिंडाचं नुकसान होऊन गेलेलं असतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये, त्या मिठानेच जनावर दगावू शकतं. पहिल्या काही तासांत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं, नेणं जमत नसेल तर १९६२ क्रमांकावर फोन करून विचारावं. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन काय, एवढं कागदावर लिहून सोबत असू द्यावं. पाकीट असेल तर तेही.