पोहणाऱ्यांचा संघ कसा निवडावा?

पालघर जिल्ह्यात, तारापूरच्या अणुविद्युत केंद्राजवळ, समुद्राच्या काठी घिवली नावाचे गाव आहे. समजा, मे महिन्याच्या सुटीत तेथील शाळकरी मुलींचा एक संघ पोहण्याच्या शर्यतीसाठी निवडायचा आहे. उमेदवार पाच, जागा चार. म्हणजे एकजण घरी राहणार. तिने विचारले, "सर, मला का वगळले?" तर शिक्षकांनी काय सांगावे? "तू कमी पडलीस" एवढे सांगून भागत नाही. किती कमी, कशावरून, आणि ते मोजले कसे, हे तिला दाखवता आले पाहिजे. पाहू या, हे कितपत जमते.

पहिली अडचण पाण्याचीच. जवळ तलाव नसेल आणि चाचणी किनाऱ्यालगत घ्यायची असेल, तर भरती-ओहोटीचा प्रवाह हिशेबात घ्यावा लागतो. एक मुलगी स्थिर पाण्यात ५० मीटर अंतर ४० सेकंदांत कापते, म्हणजे तिचा वेग सेकंदाला १.२५ मीटर. प्रवाहाचा वेग सेकंदाला फक्त ०.२ मीटर धरा. प्रवाहाबरोबर पोहताना तिचा वेग १.४५ मीटर होईल आणि तिला ३४.५ सेकंद लागतील. प्रवाहाविरुद्ध वेग उरेल १.०५ मीटर आणि वेळ लागेल ४७.६ सेकंद. मुलगी तीच, दम तोच, आणि फरक १३ सेकंदांचा!

तुम्ही म्हणाल, मग २५ मीटर जाऊन २५ मीटर परत यायला सांगावे, म्हणजे फायदा-तोटा फिटेल. गणित करून पाहा. जाताना १७.२ सेकंद, येताना २३.८ सेकंद, एकूण ४१ सेकंद. फिटत नाही, कारण विरुद्ध दिशेला ती जास्त वेळ पाण्यात असते आणि प्रवाह तेवढा जास्त वेळ तिला मागे ओढतो.

त्यातून आणखी एक गोम आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठ वाजता दोघींची चाचणी घेतली आणि उरलेल्या तिघींची चार दिवसांनी सकाळी आठलाच घेतली, तर घड्याळ सारखे दिसेल पण समुद्र सारखा नसेल. भरती तोवर तीन तास वीस मिनिटे पुढे गेलेली असेल. उधाण आणि भांग यांतला फरक मच्छीमारांच्या मुलांना वेगळा सांगायला नको. म्हणून पाचही जणींची चाचणी एकाच वेळी, शेजारी शेजारी, आणि अर्थातच जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली घ्यावी.

आता घड्याळाकडे वळू. स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाने पाहिल्यापासून त्याचे बोट हलेपर्यंत सुमारे एक पंचमांश सेकंद जातो, आणि हा काळ दर वेळी नेमका तेवढाच नसतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांची घड्याळे एकाच मुलीसाठी ०.१ ते ०.२ सेकंदाने वेगळी वेळ सहज दाखवतात. म्हणूनच हाताने वेळ घेताना एका गल्लीसाठी तीन घड्याळे लावण्याची पद्धत आहे. तिन्ही वेगळी निघाली, तर मधली वेळ खरी धरतात.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत जे घडले ते ऐकण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटची वेळ तिन्ही घड्याळांवर ५५.२ सेकंद होती. अमेरिकेच्या लान्स लार्सनची होती ५५.०, ५५.१ आणि ५५.१. कोणतीही पद्धत वापरा, लार्सन पुढे! परंतु त्या काळी क्रमांक ठरवताना पंचांच्या डोळ्यांना महत्त्व होते. पंचांमध्ये एकमत होईना, तेव्हा मुख्य पंचांनी डेव्हिटला पहिले ठरवले आणि लार्सनची वेळही ५५.२ अशी नोंदवली गेली. मुख्य पंचांना तसा अधिकार होता का, यावर वाद झाला, अपील झाले, पण निकाल बदलला नाही. डेव्हिट पहिला आला असे पंचांना खरोखरच दिसले असेल. पण निकालाशी जुळावा म्हणून मोजलेला आकडाच बदलणे, हे विज्ञानाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत चालणार नाही.

याच्या उलट टोक १९७२ साली म्यूनिकला दिसले. ४०० मीटर वैयक्तिक मिडलेमध्ये स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा ०.००२ सेकंदाने पुढे ठरला. त्यांच्या वेगाने एवढ्या वेळात कापलेले अंतर तीन मिलिमीटरही भरत नाही. तलावाच्या दोन गल्ल्या इतक्या काटेकोरपणे सारख्या लांबीच्या असतील, अशी हमी बांधणाराही देणार नाही. पुढे नियम बदलला. आता शंभराव्या भागापर्यंतच वेळ मोजतात आणि तिथे बरोबरी झाली तर क्रमांक विभागून देतात.

आपल्या संघाकडे परत येऊ. घ आणि ङ या दोघींच्या फ्रीस्टाइलच्या पाच चाचण्या अशा आहेत असे समजा:

घ: ३६.०, ३६.१, ३६.०, ३६.२, ३५.९
ङ: ३५.६, ३७.४, ३६.३, ३६.८, ३६.२

यांत जास्त वेगवान कोण? सर्वांत चांगली वेळ धरली तर ङ. मधली वेळ धरली तर घ (३६.० विरुद्ध ३६.३). दोन्ही नियम समंजस आहेत, पण निवड वेगळी होते. त्यामुळे आकडे हाती आल्यावर जर कोणी नियम ठरवू लागला, तर तो नियम ठरवत नसून मुलगी निवडत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. नियम चाचणीच्या आधी फळ्यावर लिहिला गेला पाहिजे.

मिडले रिलेमध्ये तर गंमत आणखी वाढते. चौघींनी चार वेगवेगळ्या प्रकारांनी ५०-५० मीटर पोहायचे असते. ङ ला क्षणभर बाजूला ठेवू. उरलेल्या चौघींच्या वेळा (सेकंदांत) पाहा, क्रम बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल:

क: ३८, ४२, ३५, ३१
ख: ४०, ४४, ४०, ३४
ग: ४२, ४३, ४१, ३५
घ: ४३, ४९, ४२, ३६

क सगळ्यांतच पहिली आहे. तिला कुठे ठेवाल? बहुतेकजण शेवटच्या फ्रीस्टाइलला ठेवतील. मग जास्तीत जास्त चांगली मांडणी केली तरी एकूण वेळ १५६ सेकंद येते. पण क ला बटरफ्लाय, ख ला बॅकस्ट्रोक, ग ला ब्रेस्टस्ट्रोक आणि घ ला फ्रीस्टाइल दिले, तर १५४ सेकंदच लागतात. कारण सोपे आहे. फ्रीस्टाइलमध्ये क दुसऱ्या मुलीपेक्षा ३ सेकंदांनी पुढे आहे, बटरफ्लायमध्ये मात्र ५ सेकंदांनी. कोण सर्वांत वेगवान, यापेक्षा तिच्याऐवजी दुसरी ठेवली तर किती नुकसान होते, हा प्रश्न महत्त्वाचा.

चौघींच्या मांडण्या २४ होतात, त्या हाताने तपासता येतात. कामगार आणि कामे शंभर-शंभर असतील, तर मात्र सर्व मांडण्या तपासायला संगणकालाही जन्म पुरणार नाही. यासाठी अमेरिकन गणिती हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. केनिग आणि एगरवारी या हंगेरीच्या गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली असल्याने कून यांनीच तिला 'हंगेरियन पद्धत' हे नाव दिले.

गणित येथे एक वेगळेच काम करते. क म्हणाली, "मला फ्रीस्टाइलच पोहायचे आहे," तर तिच्या हट्टाची किंमत नेमकी २ सेकंद आहे, हे सर्वांना दिसते. ती किंमत द्यायची की नाही, हे गणित सांगत नाही. उन्हाळी शिबिरातल्या संघात नव्या मुलीला संधी द्यावी असे शिक्षकांना वाटले, तर मला त्यात काही गैर दिसत नाही. ती अट आधी सांगितलेली असावी, एवढेच.

वयाचीही एक बाब आहे. गट जन्मवर्षानुसार पाडले, तर जानेवारीत जन्मलेली मुलगी त्याच गटातल्या डिसेंबरमधल्या मुलीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते. वाढीच्या वयात वर्षभरात उंची पाच-सहा सेंटिमीटर सहज वाढते. कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या निवडक तरुणांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त आढळतात, असे रॉजर बार्नस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. डिसेंबरची मुलगी मागे पडली, तर ती कमी गुणी आहे असे लगेच म्हणू नये.

राहिली ङ. तिच्या वेळा बॅकस्ट्रोक ४१, ब्रेस्टस्ट्रोक ४५, बटरफ्लाय ३९ आणि फ्रीस्टाइल ३६.३ अशा आहेत. आता पाचजणींतून चौघी निवडण्याच्या आणि त्यांना प्रकार वाटून देण्याच्या १२० तऱ्हा आहेत. त्यांतल्या दोन १५४ सेकंदांपेक्षा कमी वेळ देतात. त्या शोधा, आणि त्यांच्यात घरी कोण राहते तेही पाहा.