काटकसरीतून आलेला गट : पॅनिक विकारावरील सामूहिक उपचारांचा मागोवा

उघड कारण नसताना अचानक उसळणारी आणि काही मिनिटांतच कळसाला पोहोचणारी भीती, तिच्यासोबत छातीत धडधड, धाप, घाम, चक्कर, हातापायांना मुंग्या आणि आपण आता मरणार किंवा आपल्याला वेड लागणार अशी जवळजवळ खात्री, अशा झटक्याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात. असे झटके वारंवार येऊ लागले आणि पुढचा कधी येईल या धास्तीने माणसाचे वागणेच बदलले, तर त्या अवस्थेला पॅनिक विकार हे नाव दिले जाते. या विकारावरील मानसोपचारांमध्ये संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार आहे तो बोधनिक-वर्तन उपचाराला, म्हणजे माणूस आपल्या अनुभवाचा जो अर्थ लावतो तो तपासायला आणि टाळलेल्या गोष्टींना प्रत्यक्ष सामोरे जायला शिकवणाऱ्या उपचाराला. हा उपचार एकेका रुग्णाला स्वतंत्रपणे देता येतो, तसाच काही रुग्णांना एकत्र बसवूनही देता येतो. ही दुसरी पद्धत कशी घडत गेली हे पाहताना एक विसंगती नजरेत भरते : गट आणला गेला तो मुख्यतः उपचारकाचा वेळ वाचावा म्हणून, गटातल्या एकोप्याचाच काही गुण येतो का, हा प्रश्न अगदी सुरुवातीला विचारला गेला, आणि उपचार जसजसा आखीव होत गेला तसतसा तो प्रश्न मागे पडला.

विकाराला आजचे नाव मिळायला बराच काळ जावा लागला. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये हृदयात दोष सापडत नसतानाही धडधड आणि छातीत कळ आढळते, असे जेकब मेंडेस दा कोस्टा यांनी 1871 मध्ये नोंदवले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल मोकळे चौक आणि रस्ते ओलांडताना गर्भगळित होणाऱ्या रुग्णांचे वर्णन करत होते आणि त्या भीतीला त्यांनी अ‍ॅगोराफोबिया असे नाव दिले. पुढे फ्रॉइड यांनी 1895 मध्ये चिंतेच्या विकाराला मज्जादौर्बल्यापासून वेगळे काढले. तरी झटका आणि रोजची काळजी या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे ठसले ते एका औषधामुळे. 1960 च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन इमिप्रमिन हे तेव्हा नवे असलेले औषध देऊन पाहत होते. रुग्णांना विचारावे तर ते काहीच फरक नाही म्हणत. पण ‘मी मरतोय’ म्हणत परिचारिकांच्या कक्षाकडे धावत येणे त्यांनी थांबवले आहे, हे परिचारिकांच्या ध्यानात आले. झटके थांबले होते, झटक्याची धास्ती मात्र तशीच होती. क्लाइन यांनी 1964 मध्ये या निरीक्षणावरून चिंतेचे दोन स्वतंत्र प्रकार मांडले, आणि 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत पॅनिक विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

गटाची कुळकथा वेगळीच आहे आणि तिचा मनोविकारांशी मुळात संबंधही नव्हता. बॉस्टनमधील वैद्य जोसेफ प्रॅट यांनी 1905 मध्ये ज्यांना आरोग्यधामात राहणे परवडत नव्हते अशा गरीब क्षयरोग्यांचा आठवड्याचा वर्ग सुरू केला. रुग्णांनी घरी विश्रांती, मोकळी हवा आणि आहार यांची नोंदवही ठेवायची आणि वर्गात ती दाखवायची, अशी त्याची रीत होती. सर्वांना एकदमच समजावून सांगितले की वैद्याचा वेळ वाचतो, हा त्यामागचा साधा हिशोब. पण एकमेकांची वाढलेली वजने पाहून रुग्णांना जो हुरूप येई तो औषधासारखा काम करतो, हे प्रॅट यांना पुढे उमगले. समूहोपचाराचा इतिहास सांगताना या वर्गापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे, कारण काटकसर आणि अनपेक्षित लाभ ही जोडी पुढेही सुटली नाही.

पॅनिकच्या रुग्णांपर्यंत गट पोहोचला तो अ‍ॅगोराफोबियाच्या वाटेने. जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये भीती पायरीपायरीने कमी करण्याची पद्धत मांडल्यानंतर, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आयझॅक मार्क्स आणि त्यांचे सहकारी कल्पनेतल्या सरावापेक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर, दुकानात आणि वाहनांत नेऊन दिलेला सराव अधिक परिणामकारक ठरतो का, हे तपासू लागले. हांड, लामोंतान्य आणि मार्क्स या तिघांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या सगळ्या मागोव्यात मध्यवर्ती आहे. घराबाहेर एकटे पडण्याची हिंमत नसलेल्या रुग्णांचे छोटे गट करून त्यांना सलग काही दिवस, दररोज काही तास, ज्या जागांची सर्वाधिक भीती वाटते तिथेच नेण्यात आले. काही गटांत आपसांतला एकोपा वाढावा अशी मुद्दाम रचना केली होती, तर काहींत रुग्ण एकत्र असले तरी लक्ष ज्याच्या त्याच्या सरावावरच ठेवले होते. उपचार संपताना दोन्ही प्रकारांत सुधारणा होती. पुढच्या महिन्यांत मात्र एकोप्याच्या गटांतील रुग्ण आणखी सुधारत गेले, म्हणजे उपचारक निघून गेल्यावरही काहीतरी काम करीतच होते. टीझडेल आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तात्काळ सुधारणा त्यांनाही दिसली, पण नंतरची वाढती सुधारणा दिसली नाही. अशा वेळी शास्त्राच्या शिस्तीप्रमाणे तिसरा, अधिक मोठा प्रयोग व्हायला हवा होता. परंतु संशोधकांचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते.

ते वळले रुग्णाच्या डोक्यात त्या काही सेकंदांत काय चालते याकडे. फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांनी नैराश्यासाठी विकसित केलेली विचार तपासण्याची पद्धत आता चिंतेच्या विकारांना लावली जात होती. (अशा विचारपद्धतीची मराठी वाचकांना ओळख झाली ती बेक यांच्यापेक्षा अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारामार्फत आणि कि. मो. फडके यांच्या लेखनातून. दोन्ही पद्धती जवळच्या नात्यातल्या असल्या तरी एक नव्हेत.) ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकचे जे स्पष्टीकरण दिले ते आजही या उपचाराचा कणा आहे. जिना चढल्यावर हृदय जोरात चालते, त्याचा अर्थ माणूस ‘हा हार्ट अ‍ॅटॅक’ असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने हृदय आणखी जोरात चालते आणि मूळ समज खरा ठरल्यासारखा वाटतो, असे हे दुष्टचक्र आहे. क्लार्क यांच्या चमूने रुग्णांना ‘धडधड’ आणि ‘मृत्यू’, ‘धाप’ आणि ‘गुदमरणे’ अशा शब्दजोड्या नुसत्या मोठ्याने वाचायला लावल्या, तेव्हा बहुतेक रुग्णांना तिथेच झटका आला. निव्वळ अर्थ लावण्याने शरीर किती हलते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल.

अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे डेव्हिड बार्लो आणि मिशेल क्रास्के यांनी या स्पष्टीकरणाला सरावाची जोड दिली. रुग्णाला ज्या शारीरिक संवेदनांची भीती वाटते त्याच संवेदना त्याच्यात मुद्दाम निर्माण करायच्या, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य. अर्धा मिनिट डोके दोन्ही बाजूंना हलवायचे, मिनिटभर जागच्या जागी धावायचे, फिरत्या खुर्चीत गोल फिरायचे, नाक चिमटीत धरून दोन मिनिटे बारीक स्ट्रॉतून श्वास घ्यायचा, मिनिटभर जोरजोरात श्वासोच्छ्वास करायचा, आणि प्रत्येक वेळी संवेदना किती तीव्र होती, भीती किती वाटली आणि हे आपल्या झटक्यासारखे कितपत वाटले, याला शून्य ते आठ असे गुण द्यायचे. जोराच्या श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच चक्कर व मुंग्या येतात, हे समजावून सांगणे एक, आणि त्या मुंग्या स्वतःच्या इच्छेने आणून त्या आपोआप ओसरताना पाहणे दुसरे. उपचाराचा भर या दुसऱ्यावर आहे.

आता हा सराव एकट्याने करणे आणि आठ जणांच्या वर्तुळात करणे यांत फरक पडणारच. श्वास जोरात घेणारा शेजारी पांढराफटक पडतो, खुर्ची घट्ट धरतो, तरी मरत नाही, आणि मिनिटभराने कपाळ पुसत आपले गुण सांगतो, हे पाहणाऱ्याला व्याख्यानाने पटले नसते ते पटते. ‘मला तर चक्कर येऊन पडायची भीती वाटते, हृदयाचे काय घेऊन बसलात’ असे म्हणणारा आणि हृदयाचीच धास्ती घेतलेला असे दोघे समोरासमोर आले, की प्रत्येकाला दुसऱ्याचा समज निराधार वाटतो, आणि तेवढ्याने आपल्या समजाविषयी पहिली शंका उत्पन्न होते. उलट बाजूही आहे. कधी न जाणवलेले लक्षण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून रुग्ण ते घरी घेऊन जातो. त्याहून सूक्ष्म अडचण पॉल साल्कोव्हस्किस यांनी वर्णिलेल्या ‘सुरक्षा-वर्तनां’ची : खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, गर्दीत कुणाचा तरी दंड, असा आधार घेऊन झटका टळला की रुग्ण त्याचे श्रेय आधाराला देतो आणि मूळ समज शाबूत राहतो. सोबत चालणारा गटच असा आधार होऊ शकतो. 1974 च्या रुग्णांना बळ देणारा एकोपा आणि रुग्णाला परावलंबी ठेवणारी सोबत यांच्यातली सीमा कुठे आहे, हा प्रश्न कागदावर वाटतो त्यापेक्षा अवघड आहे.

पॅनिक विकारासाठी संपूर्ण बोधनिक-वर्तन उपचार गटात देता येतो, याचा ठळक पुरावा टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील मायकेल टेल्च आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दिला. एकूण 67 रुग्णांपैकी काहींना आठ आठवड्यांत 12 बैठकी मिळाल्या आणि बाकीच्यांना तेवढा काळ थांबायला सांगून उपचार नंतर देण्यात आला. कुणी कुठल्या बाजूला जायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. उपचारानंतर 85 टक्के रुग्णांना झटके येईनासे झाले, तर थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण 30 टक्के होते. पहिल्या आकड्याचा पुढे पुष्कळ गवगवा झाला. पण दुसरा आकडा अधिक बोलका आहे, कारण झटके आपोआपही येतात-जातात आणि केवळ झटक्यांची मोजदाद केली तर काहीच न मिळालेले तीस टक्केही बरे ठरतात. झटके, एकूण चिंता आणि टाळाटाळ या तिन्ही बाबतींत सर्वसामान्य पातळीवर आलेले कोण, असे कडक माप लावल्यावर प्रमाण 63 आणि 9 टक्क्यांवर येते. ते कमी आकर्षक असले तरी जास्त विश्वासार्ह आहे.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे मुख्यतः छाटणीची आणि तुलनेची होती. नॉर्मन श्मिट आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये उपचाराचे भाग सुटे करून दाखवले, की संथ श्वासाचे प्रशिक्षण वगळले तरी परिणाम घटत नाही. इतकेच नव्हे, तर श्वासाची ती युक्तीच सुरक्षा-वर्तन बनण्याची भीती असते. ज्या प्रशिक्षणाशिवाय एके काळी कार्यक्रम पूर्ण होत नसे त्याचे महत्त्व यामुळे उतरले. त्याच वर्षी बार्लो आणि सहकाऱ्यांच्या 312 रुग्णांच्या अभ्यासात औषध आणि मानसोपचार एकत्र दिल्याचा फायदा उपचार थांबवल्यानंतर टिकत नसल्याचे दिसले. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे येथे एलिझेथ हेल्ट आणि सहकाऱ्यांनी औषधांनी पुरेसा उतार न पडलेल्या रुग्णांना 12 आठवड्यांचा गटोपचार दिला, आणि वर्षभरानंतरही अनेकांची सुधारणा टिकली होती.

तुलनेचा निकाल बहुतेक वेळा गटाच्या बाजूने किंवा निदान बरोबरीत लागला. क्वेबेकमध्ये 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 14 वैयक्तिक बैठकी, 14 गट-बैठकी आणि सात बैठकींचा संक्षिप्त उपचार यांचे परिणाम सारखेच आढळले. साहजिकच प्रत्येक रुग्णामागे लागणाऱ्या खर्चात वैयक्तिक बैठकी महाग ठरल्या. पण स्कॉटलंडमध्ये शार्प, पॉवर आणि स्वॉन्सन यांनी 2004 मध्ये याहून वेगळी गोष्ट विचारली. प्रतीक्षा यादीतील रुग्णांना दोन्हींपैकी एक निवडायला सांगितले, तेव्हा 95 टक्के रुग्णांनी वैयक्तिक उपचार मागितला. ज्याला सिनेमागृहात मधल्या रांगेत बसवत नाही त्याला अनोळखी माणसांच्या वर्तुळात तासभर बसण्याचे आमंत्रण म्हणजे उपचाराआधीच परीक्षा, हे लक्षात घेतले तर या उत्तरात नवल नाही. नवल याचे, की हा प्रश्न विचारायला गटोपचाराच्या संशोधकांनी इतकी वर्षे घेतली.

दरम्यान काटकसरीच्या आघाडीवर गटाला नवा प्रतिस्पर्धी मिळाला. स्टॉकहोममध्ये बर्गस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मनोविकार विभागातील 113 पॅनिक रुग्णांपैकी काहींना गटात आणि काहींना इंटरनेटवरून, अधूनमधून उपचारकाच्या लेखी मार्गदर्शनासह, हाच उपचार दिला. दोन्हींचे परिणाम सारखे निघाले. उपचारकाचा वेळ मात्र इंटरनेटच्या पद्धतीला कितीतरी कमी लागला. वेळ वाचवण्यासाठी आलेला गट वेळेच्याच हिशोबात मागे पडला, आणि या तुलनेतही मोजली गेली ती लक्षणे, बैठकी आणि मिनिटे. गटातील माणसे एकमेकांना काय देतात हे मोजण्याची सोय त्या प्रयोगाच्या आराखड्यात नव्हती.